खाटेशेजारचं शिक्षण

तांबडा विंचू चावलेलं मूल महाड-पोलादपूरच्या एखाद्या वाडीवरून दवाखान्यात पोचतं तेव्हा बऱ्याचदा घामानं निथळत असतं. हातपाय गार, तोंडाला लाळ, सारख्या उलट्या. त्याला प्राझोसिनची गोळी द्यायची असते. गोळी साधी, स्वस्त, कुठल्याही आरोग्य केंद्रात ठेवता येण्यासारखी. पण पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरण्याचा धोका असतो. अशा मुलाला उभं धरलं, कडेवर घेतलं तर ते कोसळू शकतं. आणि लेकरू रडायला लागलं की आई त्याला उचलणारच. म्हणून गोळी देतानाच तिला बजावावं लागतं, "कितीही रडला तरी उचलायचा नाही. हवं तर तुम्ही त्याच्या शेजारी पडा, अंगावरून हात फिरवा, पण उचलू नका." एवढं सांगून झालं की तिलाच विचारायचं, "आता काय करायचं ते मला सांगा बघू." तिच्या तोंडून ते नीट आलं, तर ते तिला कळलं. गोळीइतकंच हे बोलणंही उपचाराचा भाग आहे, आणि ते चुकलं तर गोळी देऊनही मूल हातचं जाऊ शकतं.

वैद्यकीय विद्यार्थ्यांना हाताची कौशल्यं आणि संवाद कसा शिकवावा, हा या पुस्तकाचा विषय. त्याची सुरुवात विंचवापासून केली, कारण या विषयातलं आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण रायगड जिल्ह्यातच घडलं आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले. नागपूरला एमबीबीएस करून १९७६च्या सुमारास ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. विंचू चावलेले रुग्ण त्यांच्यासमोर दगावत होते आणि पाठ्यपुस्तकात त्यावर फारसं काही नव्हतं. मग त्यांनी त्या रुग्णांच्या खाटेशेजारी बैठक मारली. नाडी, रक्तदाब, श्वास, घाम, हातापायांचा गारवा हे सगळं तासातासाला टिपत गेले. रुग्णाचा जीव वेदनेनं जात नाही. हृदयावर ताण येऊन, फुप्फुसात पाणी भरून जातो, हे त्यातून उलगडलं. १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा निबंध आला, तो हृदयावरच्या परिणामाची आगाऊ चाहूल देणाऱ्या लक्षणांविषयी होता. १९८६ साली त्याच नियतकालिकात प्राझोसिनविषयीचा निबंध आला. पूर्वी गंभीर दंशातले तीस-चाळीस टक्के रुग्ण दगावत असं सांगितलं जाई. ते प्रमाण पुढे एक-दोन टक्क्यांच्या आसपास उतरलं. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह महाडमध्येच त्यांनी काम चालू ठेवलं. प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिलं तर काय होतं, याची ७० रुग्णांवर केलेली चाचणी २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'नं छापली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

ही कथा आपण जिद्दीची कथा म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण शिक्षक म्हणून मला तिच्यात दुसरंही काही दिसतं. बिरवाडीत ना अतिदक्षता विभाग होता, ना मोठी प्रयोगशाळा. जे होतं ते बघणं, मोजणं, विचारणं आणि लिहून ठेवणं. ही चारही कौशल्यं आपण 'क्लिनिकल मेथड्स' या नावाखाली दुसऱ्या वर्षापासून शिकवतो, आणि तरीही एमबीबीएस होऊन बाहेर पडणाऱ्या बऱ्याच मुलामुलींना ती येत नाहीत. का येत नाहीत, याचं उत्तर शोधणं हेच या पुस्तकाचं काम आहे.

माझ्या मते त्याचं मुख्य कारण एकच आहे. आपण विद्यार्थ्याला ऐकवतो, वाचायला लावतो, तोंडी परीक्षेत विचारतो; पण तो रुग्णाशी बोलत असताना, रुग्णाला हात लावत असताना शेजारी उभं राहून बघत नाही. वॉर्डात विद्यार्थी सकाळी हिस्टरी घेऊन येतो आणि अकराच्या सुमारास शिक्षकांपुढे ती 'प्रेझेंट' करतो. शिक्षक त्याचं सादरीकरण तपासतात. ती हिस्टरी कशी मिळवली, रुग्णाला कितीदा तोडलं, पोट तपासताना रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहिलं की नाही, हात गार होते की चोळून गरम केले होते, यातलं काहीच शिक्षकांच्या डोळ्यांदेखत घडलेलं नसतं. जॉर्ज मिलर या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञानं १९९० साली वैद्यकीय मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, रोजच्या कामात करतो. आपल्या परीक्षा बहुतांशी पहिल्या दोन पायऱ्यांवर रेंगाळतात.

कागदावर मात्र आता पुष्कळ बदललं आहे. २०१९ साली प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून देशभर क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. वृत्ती, नीती आणि संवाद यांसाठी 'एटकॉम' नावाचा स्वतंत्र भाग आला. पहिल्या वर्षाच्या आरंभी फाउंडेशन कोर्स, पहिल्या वर्षातच रुग्णाशी ओळख, प्रत्येक महाविद्यालयात स्किल्स लॅब, आणि प्रत्येक कौशल्याची नोंद करायला लॉगबुक. पाठोपाठ कुटुंब दत्तक योजना आली. विद्यार्थ्यानं गावातली काही कुटुंबं पहिल्या वर्षापासून सांभाळायची, त्यांच्याकडे जात राहायचं. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांना गावात नेऊन राहायला लावायची, घरं वाटून द्यायची रीत संस्थेच्या सुरुवातीपासूनची, म्हणजे १९६९पासूनची आहे.

नियम चांगले आहेत. त्यांची अंमलबजावणी लॉगबुकातल्या सहीपाशी येऊन थांबते, तिथे मला काळजी वाटते. परीक्षा तोंडावर आली की वर्षभराच्या सह्या दोन दुपारांत होतात. संवादाचं सत्र दीडशे मुलांच्या सभागृहात स्लाइड दाखवून उरकलं जातं. पोहायला काठावर बसून शिकवता येत नाही, एवढं तरी किनाऱ्यावरच्या माणसांना वेगळं सांगायला नको.

अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१-२२च्या शैक्षणिक वर्षात शंभर जागांनिशी सुरू झालं. जिल्हा सामान्य रुग्णालय हेच त्याचं शिकवण्याचं रुग्णालय. या जिल्ह्यात कामोठ्याला आधीपासून खासगी महाविद्यालय आहे, पण ते मुंबईच्या सावलीत; अलिबागच्या ओपीडीत मात्र अख्खा किनारा येतो. शंभरातल्या पंधरा जागा अखिल भारतीय कोट्याच्या. ती मुलं केरळची, राजस्थानची, कुठलीही असू शकतात. उरलेल्यांतही नांदेडची, यवतमाळची, जळगावची मुलं असणारच. आगरी किंवा कोळी बोलीत भराभर बोलणारी आजी समोर बसली की त्यांतल्या पुष्कळांची पंचाईत होते. मुरुड, म्हसळा, श्रीवर्धनकडच्या मुस्लिम घरांतली बोली आणखी निराळी. फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेचे तास असतात ते यासाठीच. ते प्रमाण मराठीच्या पाठ्यपुस्तकावर खर्च होऊ नयेत. बाजारात, बंदरावर, एसटी स्टँडवर विद्यार्थ्याला नेऊन बोलायला लावावं.

इथं प्रश्न विचारणं हेच निदानाचं मोठं हत्यार आहे, हे मी अनुभवानं सांगतो, आणि अभ्यासही तेच सांगतात. १९७५ साली इंग्लंडमध्ये हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांनी ओपीडीत नव्यानं आलेल्या ८० रुग्णांची पाहणी केली. त्यांपैकी ६६ जणांचं अखेरचं निदान, पाठवणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी आणि रुग्णाची हकीकत एवढ्यावरच बरोबर ठरलं होतं. तपासणी आणि चाचण्यांनी उरलेल्या थोड्यांत भर घातली. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९८४ साली, अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी डॉक्टर-रुग्णांच्या भेटी ध्वनिमुद्रित करून मोजमाप केलं. रुग्णानं तक्रार सांगायला सुरुवात केल्यावर डॉक्टर सरासरी अठराव्या सेकंदाला त्याला तोडत होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की वाटतं, ज्या हकिकतीत निदान दडलेलं असतं तीच आपण पुरी होऊ देत नाही.

जुलै महिना घ्या. भाताची लावणी चालू आहे आणि ओपीडीत तापाची रांग लागली आहे. मलेरिया, डेंगी, लेप्टो सगळेच रांगेत उभे आहेत आणि पहिल्या दोन दिवसांत ते एकमेकांसारखे दिसतात. त्यांतला लेप्टो वेगळा काढायला मदत करणारे प्रश्न फार साधे आहेत. शेतात चिखलात उतरला होता का? पायाला चीर, भेग, जखम होती का? पोटऱ्या दुखतात का? हे विचारून पोटरी हलकेच दाबून पाहायची आणि त्या क्षणी रुग्णाच्या डोळ्यांकडे बघायचं. डोळ्यांतली लाली आणि पोटरीची कळ एकदमच सापडतात. विचारणं आणि तपासणं या दोन कृती खाटेशेजारी वेगळ्या राहत नाहीत. आपण मात्र एक 'सॉफ्ट स्किल' म्हणून मानसोपचाराच्या तासाला आणि दुसरी 'क्लिनिकल स्किल' म्हणून मेडिसिनच्या तासाला टाकतो. माझा आक्षेप या वाटणीलाच आहे.

मासेमारी करणाऱ्या तांडेलाला मधुमेह असतो. इन्सुलिन लिहून दिलं, "फ्रीजमध्ये ठेवा" असं सांगितलं, की आपल्याकडून काम झालं. बोटीवर फ्रीज नसतो, बर्फ मात्र चिक्कार असतो. तो बिचारा कुपी बर्फात खुपसून ठेवतो. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं आणि साखर काही उतरत नाही. मग पुढच्या भेटीत आपण त्याला "पथ्य पाळत नाही" म्हणून रागावतो. "समुद्रात गेल्यावर किती दिवस राहता? तिथं औषध कुठं ठेवता?" हे दोनच प्रश्न आधी विचारले असते, तर कुपी कापडात गुंडाळून, डब्यात घालून, बर्फाला थेट लागणार नाही अशी ठेवायला सांगता आलं असतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा तो घरी सापडतो. तपासण्या, डोळ्यांचा पडदा, पायांची पाहणी हे सगळं त्या दोन महिन्यांत बसवायचं, हे डॉक्टरला सुचायचं तर रुग्णाचं वर्ष कसं चालतं ते ठाऊक हवं.

कातकरी कुटुंबाचं वर्ष आणखी वेगळं. पावसाळा सरला की ती माणसं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. क्षयाचं औषध निदान सहा महिने चालतं. ऑक्टोबरात औषध सुरू करताना "दिवाळीनंतर कुठं असाल? कुणाबरोबर जाणार? तिथून जवळचं गाव कुठलं?" असं विचारलं नाही, तर नोव्हेंबरात रुग्ण यादीतून गळतो. मग त्याच्या नावापुढे उपचार अर्धवट सोडल्याची नोंद होते. प्रश्न विचारताना सूर कसा ठेवायचा, हेही इथं शिकवावंच लागतं. पोलीस आणि मुकादम यांच्याच तोंडून असे प्रश्न ऐकलेला माणूस डॉक्टरच्या चौकशीनंही बिचकतो. स्टुलावर त्याच्या नजरेच्या उंचीवर बसावं, आधी पोराबाळांची विचारपूस करावी, आपण का विचारतो आहोत ते सांगावं. विद्यार्थ्याला हे जमतंय की नाही ते शेजारी उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

बायकांच्या बाबतीत तर न विचारलेल्या प्रश्नांची किंमत फार मोठी आहे. आनंदीबाई जोशी लहानपणी गोपाळरावांच्या बदलीमुळे काही काळ अलिबागला राहिल्या होत्या. १८८३ साली अमेरिकेला निघण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या भाषणात त्यांनी हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज मांडली, ती याच मुद्द्यावर: पुरुष डॉक्टरपुढे बायका मोकळेपणानं दुखणं सांगत नाहीत. शंभरांहून अधिक वर्षांनी, १९८९ साली, डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं आणि आधी तशी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. सासूला किंवा नवऱ्याला अवघडू न देता पाच मिनिटं बाहेर बसवणं, पडदा ओढणं, हात लावण्याआधी परवानगी घेणं, काय करतो आहोत ते आधी सांगणं, ही सारी शिकवता येण्याजोगी कौशल्यं आहेत. मुलग्यांना ती शिकवायची तर अधिकच निगुतीनं.

हाताच्या कौशल्यांकडे वळू. स्किल्स लॅबमधल्या पुतळ्यावर शिरेत सुई घालणं, लघवीची नळी घालणं, छाती दाबून हृदय चालू ठेवणं, टाके घालणं, प्रसूती करणं हे सगळं आधी शिकावं; जिवंत माणसावर पहिला हात आजमावण्याचे दिवस संपायलाच हवेत. 'बघा, करा, शिकवा' ही जुनी रीत घाईची होती. पेटन यांची चार टप्प्यांची पद्धत मला जास्त उपयोगी वाटते. शिक्षक आधी काही न बोलता नेहमीच्या वेगानं करून दाखवतो; मग सावकाश, समजावत करतो; मग विद्यार्थी सांगतो आणि शिक्षक त्याप्रमाणे करतो; शेवटी विद्यार्थी स्वतः सांगत करतो. तिसऱ्या टप्प्याला मुलांचे गोंधळ उघडे पडतात, आणि घाईत नेमका हाच टप्पा गाळला जातो.

उदाहरणादाखल सर्पदंशाची एक चाचणी बघा. घोणस आणि फुरसं यांच्या विषानं रक्त गोठेनासं होतं. हे ओळखायला यंत्र लागत नाही. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत शिरेतलं ताजं रक्त दोन मिली घ्यायचं, वीस मिनिटं हात न लावता ठेवायचं आणि मग नळी एकदाच तिरकी करून बघायची. गुठळी झाली नसेल तर प्रतिविष सुरू करायचं. वाचायला सोपं आहे, पण चुका इथंच होतात. नळी प्लास्टिकची असते, किंवा साबणानं धुतलेली असते, आणि मग निरोगी रक्तही गोठत नाही. कुणी दर दोन मिनिटांनी नळी हलवून पाहतो. कुणी घड्याळाकडे न बघता अंदाजानं वीस मिनिटं धरतो. ही चाचणी प्रत्येक विद्यार्थ्यानं सुरुवातीला स्वतःच्या किंवा मित्राच्या रक्तावर, शिक्षकांसमोर, घड्याळ लावून करायला हवी.

त्या वीस मिनिटांत दुसरंही एक काम असतं. बाहेर जीपभर माणसं उभी असतात. डॉक्टर आत काही करत नाहीत, नुसते नळीकडे बघत बसलेत, असं त्यांना वाटतं. म्हणून सुई काढल्या काढल्या बाहेर जाऊन सांगायचं, "रक्त गोठतंय की नाही ते पाहतो आहोत. वीस मिनिटं लागतील. तोवर श्वास, पापण्या आणि लघवी यांवर आमचं लक्ष आहे. गरज पडली तर लगेच इंजेक्शन सुरू करू." डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० साली कायदा झाला. कायदा हवाच. पण रात्री दोनला इंटर्नच्या कामी आधी ही चार वाक्यं येतात, आणि ती ऐन वेळी सुचत नाहीत, त्यांची तालीम व्हावी लागते.

तालमीसाठी माणसं कुठून आणायची? अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३च्या सुमारास शिकवलेल्या नटांना रुग्ण म्हणून उभं करायला सुरुवात केली. डंडीत रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ साली टेबलाटेबलावर फिरत द्यायची वस्तुनिष्ठ परीक्षा मांडली, जिला आपण ओस्की म्हणतो. कोकणात नाटकवेड्यांना तोटा नाही. गावोगाव हौशी मंडळं आहेत, शिमग्याला-जत्रेला उभी राहणारी माणसं आहेत. त्यांतल्या दहा-बारा जणांना महिनाभर तयार केलं, तर मृत्यूची बातमी ऐकणारा भाऊ, पहिल्यांदा मधुमेह कळलेली सुगरण, औषध बंद करून आलेला खलाशी हे सगळे इथल्याच बोलीत उभे राहतील. भाषांतरित संवाद वाचून दाखवण्यापेक्षा ते शतपटीनं उपयोगी पडेल. विद्यार्थी चुकला तर कुणाचं नुकसान नाही, आणि तोच प्रसंग पुन्हा करता येतो. सत्र संपल्यावर त्या कलाकारानंच सांगावं, "तुम्ही घड्याळ बघितलंत तेव्हा माझा बोलायचा धीर गेला." शिक्षकांच्या दहा सूचनांपेक्षा हे एक वाक्य मुलांच्या मनावर उमटतं.

दीडशे रुग्णांच्या ओपीडीत हे सगळं कोण आणि कधी करणार, असा प्रश्न सहकारी विचारतात. तो खरा प्रश्न आहे. शिक्षकांची पदं रिकामी असतात, निवासी डॉक्टर थकलेले असतात. माझी मागणी म्हणूनच लहान आहे. प्रत्येक शिक्षकानं दर आठवड्याला प्रत्येक तुकडीतल्या एकाच विद्यार्थ्याजवळ दहा मिनिटं उभं राहावं, मध्ये न बोलता बघावं, मग दोन गोष्टी जमल्या त्या सांगाव्यात आणि एक सुधारायची ती करून दाखवावी. वर्षभरात प्रत्येक मूल अनेक शिक्षकांच्या नजरेखालून जाईल. लॉगबुकातली सही त्या दहा मिनिटांनंतरच व्हावी. आणि अंतिम परीक्षेत रुग्णाशी बोलण्याला स्वतंत्र गुण असावेत, परीक्षक हजर असताना. ज्याला गुण नाहीत ते विद्यार्थी शिकत नाहीत. त्यात त्यांचा दोष नाही.

पुढच्या प्रकरणांत प्रत्येक कौशल्याच्या शेजारीच त्यासोबतचं बोलणं दिलं आहे. दोन्ही एकदमच शिकवावं. संवादाचे नमुने पाठ करण्यासाठी नाहीत. शेवटी काही पानं कोरी ठेवली आहेत. रोह्याला, उरणला, श्रीवर्धनला इंटर्नशिप करताना जो प्रश्न विचारल्यावर निदान सापडलं, तो प्रश्न तिथं लिहून ठेवावा, रुग्णाचं नाव न लिहिता, तालुका आणि महिना घालून. पुढच्या आवृत्तीत ती पानं छापायची आहेत.